न वाचलेली उजवी बाजू

बस्त्याव तुस्कानो हा माणूस कुणाच्याही घरात शिरला की आधी भिंतींकडे बघायचा, मग माणसांकडे. लग्नाच्या वाढदिवसाला बोलावलं तरी तेच. केकचा डबा यजमानीणबाईंच्या हातात देता देता नजर छताच्या कोपऱ्यात आणि पहिला प्रश्न, "वरती बाथरूम हाय का?" ज्यांना ते ठाऊक नव्हते त्यांना हा माणूस उद्धट वाटायचा. ज्यांना ठाऊक होते ते दुसऱ्या दिवशी गुपचूप प्लंबरला फोन करायचे, कारण बस्त्यावकाकांनी विचारलं म्हणजे महिन्याभरात तिथे ओल येणार हे ठरलेलं.

मस्कतमध्ये अल् खुवैरला आमचं सर्व्हेअरचं ऑफिस आहे. कुणाच्या घरात पाणी शिरलं, आग लागली, छत खाली आलं, की विमा कंपनी आम्हाला पाठवते. खरोखर किती नुकसान झालं ते आम्ही बघायचं आणि रिपोर्ट लिहायचा. मी पुण्याहून सिव्हिलची पदवी आणि नवी कोरी टेप घेऊन इथे रुजू झाले, तेव्हा काकांनी पहिल्या दिवशी माझ्याकडून ती टेप काढून घेतली. म्हणाले, "बाय, आधी वास घे. मोजायला काय, कोनपण मोजेल." मी आठ दिवस लोकांच्या भिंती हुंगत फिरले आणि रोज संध्याकाळी आईला फोनवर सांगत राहिले, की मी परत येते. नवव्या दिवशी मला पाइपातल्या पाण्याची ओल आणि समुद्राकडून आलेली ओल यांच्यातला फरक नाकाने कळला. त्या दिवशी टेप परत मिळाली. तेव्हापासून मी त्यांना सर म्हणायचं सोडून काका म्हणायला लागले.

ते वसईचे. बायको वसईतच राहिली, घर आणि केळीची वाडी सांभाळत, आणि काका रुवीत एका खोलीत एकटे. तीस वर्षांहून जास्त काळ त्यांनी असा काढला आणि त्याबद्दल कधी हळवं बोलले नाहीत. बोलायचे ते सुकेळ्यांबद्दल. वसईहून कुणीही आलं की सुकवलेल्या केळ्यांची पानात बांधलेली पुडी यायची आणि ती त्यांच्या जुन्या कोरोलाच्या डॅशबोर्डवर पडून राहायची. ओमानच्या उन्हात ती आणखी मऊ आणि चिकट व्हायची. साइटवर जाताना एक मला, एक त्यांना. परतताना नाही, कारण परतताना रिपोर्ट डोक्यात असतो आणि "गोड खाऊन रिपोर्ट लिवला की हात सैल सुटतो."

हाताच्या बाबतीत ते फार कडक होते. ज्या घरी सर्व्हेला गेलो तिथे पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा त्यांचा नियम. ओमानी घरात हा नियम पाळणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार आपटणं. बरकाजवळ एका म्हाताऱ्या ओमानी गृहस्थांच्या घरी स्वयंपाकघर जळालं होतं. आम्ही मोजमाप करत असताना त्यांनी तीनदा कहवा आणि खजूर पुढे केले आणि तीनदा काकांनी छातीवर हात ठेवून मान खाली घातली. म्हातारेबुवा इतके दुखावले की शेवटी आमच्याशी बोलेनात. परत येताना मी काकांना म्हणाले की एक घोटभर कॉफीने कुणाचा रिपोर्ट बिघडत नसतो.  तीन आठवड्यांनी फाइल बंद झाली, आणि पुढच्या शुक्रवारी चर्चमधून सरळ गाडी काढून काका एकटे बरकाला गेले. दार उघडल्यावर अरबीत म्हणाले, "आज कहवा द्या." संध्याकाळपर्यंत तिथे बसले होते. येताना गाडीत खजुराचा अख्खा डबा होता आणि तो त्यांनी रविवारी ऑफिसात सगळ्यांना वाटला.

हे अरबी त्यांना कुठून आलं, तर सोहारहून. तरुणपणी सोहारच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. गेटवरच्या ओमानी पहारेकऱ्याने त्यांना सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांच्या कागदावर अक्षरं गिरवायला शिकवली. बोलण्यापुरतं अरबी इथे सगळ्यांनाच येतं. यल्ला, खलास, बुक्रा, इन्शाल्ला एवढ्या शिदोरीवर लोकांनी आयुष्यं काढली आहेत. पण वाचता येणारा मराठी माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

आणि म्हणून शुक्रवारी मिस्सा संपली की चर्चच्या पार्किंगमध्ये काकांच्या गाडीभोवती माणसं जमायची. वसईची पोरंपोरी जास्त, पण आमचे जोशी-कुलकर्णीही तिकडे गाडी वळवायचे. घरभाड्याचा करार, नोकरीचा करार, शाळेचं काही, बँकेचं काही. इथल्या कागदांची रीत अशी की पानाचे दोन भाग. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे अरबी. आपण सगळे डावीकडचं वाचतो आणि खाली सही करतो. वाद झाला तर कोर्ट उजवीकडचं वाचतं. काका कागद बॉनेटवर पसरायचे, डाव्या भागावर चक्क तळहात ठेवून तो झाकायचे आणि उजवीकडून सुरुवात करायचे. "डावी बाजू वाचायला असते," ते सांगायचे, "उजवी भोगायला."

एकदा एका हॉटेलात काम करणाऱ्या पोराचा करार त्यांनी असा वाचला आणि म्हणाले, "इंग्लिशमध्ये तुला दर वर्षी सुट्टी हाय. अरबीमध्ये दोन वर्षांनी एकदा." पोरगा म्हणाला, जाऊ द्या काका, मॅनेजर चांगला आहे. काका त्याच्यावर असे खवळले की आजूबाजूच्या गाड्यांमधले लोक बघायला लागले. "मॅनेजर चांगला हाय तर कागद चांगला करून देईल की! त्यात काय त्याच्या बापाचं जातं?" पोरगा कागद घेऊन परत गेला आणि करार दुरुस्त होऊन आला. या गोष्टी काका कुणाला सांगायचे नाहीत, मी सांगायचे. मला त्यांचा अभिमान होता आणि तो मी मिरवत असे.

कुंदाताई काकांच्या कागदवाल्या मंडळींपैकीच. त्या नाशिकच्या. यजमान इथे इंजिनिअर होते, त्यांनी निवृत्त होताना मिळालेले सगळे पैसे घालून समुद्राजवळच्या एका वसाहतीत तळमजल्याचं घर घेतलं. परदेशी माणसाला ओमानमध्ये मोजक्याच ठिकाणी घर विकत घेता येतं, त्यातलं ते एक. वर्षाच्या आत यजमान गेले. मुलगी कॅनडात. सगळे म्हणाले, आता परत चला. त्या गेल्या नाहीत. म्हणाल्या, "नाशिकला माझं माहेर आहे, सासर आहे. माझं घर हे आहे." तिथे हॉलमध्ये त्या दर शनिवारी मुलांना मराठी शिकवायच्या. इथली मुलं आपसात इंग्रजी बोलतात आणि आजीशी फोनवर बोलताना आईच्या तोंडाकडे बघतात. कुंदाताईंनी स्वयंपाकघराच्या कपाटांवर मुळाक्षरांची चित्रं चिकटवली होती आणि खाऊ हवा असेल तर आधी अक्षर ओळखायचं असा कायदा होता.

काका त्यांना बाई म्हणायचे, त्या काकांना बस्त्यावभाऊ. घर घेताना सगळे कागद काकांनीच वाचले होते. घराचा विमाही काकांनीच मागे लागून काढायला लावला.

मग ते वादळ आलं. दोन दिवस पाऊस. इथे वादी म्हणतात त्या कोरड्या ओढ्यांमध्ये एरवी लोक गाड्या लावतात, ते एका सकाळी भरून वाहायला लागले. आमचं ऑफिस त्यानंतर दोन महिने ऑफिस राहिलंच नाही. आम्ही चौघं आणि चारशे घरं. काका रोज नऊ-दहा घरं करायचे, गुडघाभर चिखलात. डोळे लाल, आवाज बसलेला. एरवी कुणाच्या दारात चप्पल न काढता पाऊल टाकायचे नाहीत, ते गमबूट घालून दिवाणखान्यात शिरत होते.

कुंदाताईंच्या घरात पाणी शिरलं होतं, पण घोट्यापर्यंत. दोन तासांत ओसरलंही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या गल्लीत एक माणूस पंप, ब्लोअर आणि दहा मजूर घेऊन आला. ठेकेदार. बोलायला लाघवी, हिंदी अगदी गोड. "आंटीजी, आप बिलकुल टेन्शन मत लो. इन्शुरन्सवालों से हम बात करेंगे. आपको एक रियाल नहीं देना है. बस यहाँ साइन." शेजारच्या दोन घरांनी सही केली होती. कुंदाताई शहाण्या. म्हणाल्या, माझ्या भावाला विचारल्याशिवाय मी कशावर सही करत नाही. त्यांनी कागदाचा फोटो काढून काकांना पाठवला.

फक्त डाव्या बाजूचा. काका धावपळीत असतील, चष्मा जवळ नसेल, अक्षरं मोठी दिसली पाहिजेत म्हणून ताईंनी कॅमेरा जवळ नेला आणि जी बाजू त्यांना स्वतःला कळत होती तिचा फोटो काढला. उजवी बाजू फोटोत आलीच नाही. त्यात त्यांचं काय चुकलं, मला अजून सांगता येत नाही.

इंग्रजीत लिहिलं होतं, की ठेकेदाराला दुरुस्तीचं काम करायची आणि त्यासंबंधी विमा कंपनीशी बोलायची परवानगी दिली आहे. काका तेव्हा सीबच्या एका गोदामात कंबरभर भिजलेल्या पोत्यांच्या मधे उभे होते. त्यांनी फोन बघितला आणि उत्तर पाठवलं, "ओके बाई. करा सही."

पंधरा दिवसांनी कुंदाताईंची फाइल आमच्याकडे आली. ओळखीच्या माणसाच्या घराचा सर्व्हे काका करत नसत, म्हणून मी गेले. ते गाडी चालवत आले आणि फाटकाबाहेर गाडीतच बसले. मी आत पाऊल टाकलं आणि मला क्षणभर घर चुकलं असं वाटलं. फरशी नव्हती. सबंध घराची फरशी उखडून नेली होती. स्वयंपाकघर नव्हतं, कपाटं, ओटा, काही नाही. छताचं पीओपीसुद्धा काढलं होतं; तिथवर पाणी पोचलं असतं तर घरात माणूस बुडाला असता. भिंतींचा गिलावा छातीपर्यंत फोडलेला. मजूर नव्हते, आवाज नव्हता. मागच्या बेडरूममध्ये कुंदाताई पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. "वैशाली, ये ये," त्या म्हणाल्या, "जपून हं, खडे टोचतील. ते म्हणाले सगळं नवीन करून देणार. म्हणून काढलंय."

भिंतीवरची पाण्याची रेघ आम्ही सगळ्यात आधी शोधतो. गिलाव्याबरोबर तीही गेली होती. शेवटी बेडरूमच्या भिंतीतल्या कपाटात सापडली, घोट्याएवढ्या उंचीवर, सरळ आणि स्वच्छ. मी फोटो काढले आणि म्हणाले, ताई, तो सही केलेला कागद दाखवता? त्यांनी तो प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवला होता.

मी तो गाडीत काकांना नेऊन दिला. त्यांनी सवयीने डाव्या भागावर तळहात ठेवला आणि स्टिअरिंगवर कागद टेकवून उजवी बाजू वाचायला सुरुवात केली. मी बाहेर उभी राहून बुटातले खडे काढत होते.  त्यांनी खिशातून फोन काढला, बराच वेळ वर सरकवत राहिले, आणि एका ठिकाणी थांबले. फोटो आणि कागद शेजारी शेजारी धरून बसले. ओठ हलत होते.

"काका, काय लिहिलंय?"

"क्लेम त्याच्या नावावर केला बाईनी," ते म्हणाले. "सगळा. परत घेता येनार नाय असा. किती मागायचं तो ठरवनार, तडजोड तो करनार, चेक त्याच्या नावाने. बाईनी कंपनीशी बोलायचंपन नाय."

"पण इंग्रजीत तर..."

"मी सांगितली तिला करायला," ते म्हणाले. "अर्धा कागद बघून सांगितली."

मग त्यांनी गाडी सुरू केली. मी अजून बाहेरच उभी होते हे त्यांच्या लक्षात आलं नाही. थोडं पुढे जाऊन थांबले आणि मी धावत जाऊन बसले. सबंध रस्ताभर एकच वाक्य बोलले, "मीच सांगेन तिला. तू काय बोलू नको." मी शब्द दिला.

पुढचं सगळं त्या उजव्या बाजूने ठरवलं. ठेकेदाराने विमा कंपनीकडे सबंध घर बुडाल्याचा क्लेम लावला. रिपोर्ट मी लिहिला. त्या दिवशी मी काकांना विचारलं होतं, की थोडं वर धरून लिहिलं तर निदान ताईंची फरशी तरी होईल का. ते म्हणाले, "खरं हाय तेच लिव," आणि बाहेर निघून गेले. मी खरं ते लिहिलं. कंपनीने घोट्याएवढ्या पाण्याचं नुकसान मान्य केलं. ठेकेदार म्हणाला एवढ्यात परवडत नाही, आणि त्याने काम थांबवलं. कुंदाताईंनी कंपनीला फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, मॅडम, हा क्लेम आता तुमचा नाही, आम्ही तुमच्याशी बोलू शकत नाही. वकिलाने कागद बघितला आणि एवढंच विचारलं, "सही तुमचीच ना?" पाच महिन्यांनी कळलं की ठेकेदाराने मंजूर झालेली रक्कम चुपचाप उचलली आहे आणि त्याचा फोन बंद आहे. कंपनीच्या लेखी पैसे दिले गेले होते, फाइल बंद होती.

या पाच महिन्यांत काकांनी कुंदाताईंना सांगितलं नाही. मी दर आठवड्याला विचारायचे आणि ते म्हणायचे, या शनिवारी. एकदा मी चिडून म्हणाले, जगाला कागद वाचायला शिकवता आणि स्वतःचं एक वाक्य बोलवत नाही तुम्हाला? ते म्हणाले, "ती विचारेल तेव्हा सांगेन." पण त्या विचारणार कशाला? काकांनी अर्धाच कागद बघून हो म्हटलं होतं, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्या सगळ्यांना सांगायच्या, मी मेलीने घाई केली, शेजाऱ्यांचं बघून सही केली. काकांना विचारलं होतं हेसुद्धा त्या बोलायच्या नाहीत. त्यांना वाटायचं, बस्त्यावभाऊंचं नाव उगाच यात कशाला.

ठेकेदाराचं वर्कशॉप सोहारला आहे असं कुठूनतरी कळलं आणि काका मला घेऊन निघाले. दोन तासांत एकही सुकेळं पुढे आलं नाही. तिथल्या औद्योगिक वसाहतीत शेवटच्या ओळीत एक पत्र्याची शेड होती, कुलूप लावलेली. पहारेकरी म्हणाला, "मुदीर खलास. इंडिया गया." मुदीर म्हणजे साहेब. शेडच्या मागे मोडतोडीचा ढीग होता, घराघरांतून काढून आणलेल्या दारा-कपाटांचा. काका त्यात शिरले. मी ओरडले, खिळे आहेत, पण त्यांनी ऐकलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी दोन दारं ओढून काढली. पांढरी, स्वयंपाकघराच्या कपाटाची. एकावर कमळाचं चित्र आणि क, दुसऱ्यावर बदक आणि ब. काकांनी ती रुमालाने पुसली आणि मागच्या सीटवर आडवी ठेवली. पहारेकऱ्याने हात पुढे केला तेव्हा खिशात होतं ते सगळं त्याला दिलं.

कुंदाताईंना ती दारं बघून झालेला आनंद मी बघितला आहे. "अगंबाई, माझी दारं!" म्हणून त्या अक्षरशः नाचल्या. मग काकांचा हात खिळ्याने फाटलेला बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या डेटॉल आणायला आत गेल्या. मी काकांकडे बघितलं. आता, असं मी ओठांनी म्हणाले. काका त्या उघड्या सिमेंटवर उभे होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. ताई आल्या, त्यांनी हात धुऊन दिला, पट्टी बांधली. काकांनी बांधू दिली.

त्यानंतर काका बदलले. शुक्रवारी चर्चच्या पार्किंगमध्ये ते आता थांबत नव्हते. मिस्सा संपायच्या आधी मागच्या दाराने निघून जायचे. एक नर्स कागद घेऊन गाडीपर्यंत धावत आली तेव्हा काच खाली करून म्हणाले, "मला अरबी येत नाय गो." तिने ते मला सांगितलं तेव्हा मला संताप आला आणि मग भीती वाटली. पण बँकेत, दवाखान्यात, कुठेही अनोळखी माणूस सही करताना दिसला की ते त्याच्यामागे जाऊन उभे राहायचे, इतके जवळ की लोक वळून बघायचे. एकदा एका बाईने सिक्युरिटीला बोलावलं. साइटवर आता ते एक फोटो काढायच्या ठिकाणी वीस काढायचे. मी फोटो पाठवला की लगेच फोन यायचा, "बाजूला काय हाय? बाजूला काय हाय ते दाखव." बाजूला भिंत असायची. ती दाखवली तरी म्हणायचे, त्याच्या बाजूला?

आणि दर शनिवारी ते कुंदाताईंकडे फरशी लावायला जायचे. आयुष्यभर दुसऱ्यांनी लावलेल्या फरश्यांमधल्या चुका काढलेला हा माणूस, साठीला टेकलेला, गुडघ्यांखाली उशी घेऊन स्वतःच्या हाताने एकेक फरशी बसवत होता. सामान स्वतः आणायचे. गवंडी लावू म्हटलं तर ऐकायचे नाहीत. हॉलच्या एका टोकाला मुलं खुर्च्यांवर बसून काना-मात्रा म्हणायची, दुसऱ्या टोकाला काका ओणवे. मुलांना गंमत वाटायची. कुंदाताई त्यांच्यापुढे चहा ठेवायच्या आणि तो तिथेच गार व्हायचा. मी एकदा म्हणाले, काका, इथली फाइल तर बंद झाली, आता चहा घ्या की. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

कुंदाताईंच्या दृष्टीने हा देवमाणूस होता. त्या ज्याला त्याला सांगायच्या, "रक्ताचं नातं नाही, जातीचं नाही, धर्माचं नाही, आणि बघा." काका समोर असले तरी सांगायच्या. अशा वेळी काका हातातली थापी खाली ठेवून स्तब्ध व्हायचे आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत मान वर करायचे नाहीत. मंडळींना तो विनय वाटायचा. मला तिथे बसवत नसे. मी काहीतरी निमित्त काढून बाहेर जाऊन उभी राहायचे.

हॉल झाला, एक खोली झाली. स्वयंपाकघर होईना. ताई दीड वर्ष हॉटप्लेटवर रांधत होत्या, बाथरूममध्ये भांडी घासत होत्या. एका हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला आणि मुलगी कॅनडाहून आली. तिने घर बघितलं आणि आठवड्यात ते विकायला काढलं. अर्ध्या केलेल्या घराला जी किंमत यायची ती आली. ताई नाशिकला भावाकडे गेल्या. शेवटच्या शनिवारी त्यांनी मुलांना वह्या वाटल्या आणि काकांच्या पाया पडायला वाकल्या. काका एवढे झटकन मागे सरले की मागच्या खुर्चीवर आदळले. "नाय बाई. नाय. असं नाय करायचं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

त्याच वर्षी काका निवृत्त झाले. ऑफिस आणखी दोन वर्षं ठेवायला तयार होतं. ते नको म्हणाले. मी त्यांना विमानतळावर सोडायला गेले. दुपारची वेळ, सामान एका बॅगेचं. एवढ्या वर्षांचा माणूस एका बॅगेत मावला याचं मला वाईट वाटलं आणि मी तसं म्हणालेही. त्यांनी इथलं सिम बंद केलं होतं. आत जायच्या रांगेजवळ थांबले आणि म्हणाले, "बाय, बाईना फोन लाव."

मी लावला. गर्दीत ऐकू येईना म्हणून स्पीकर सुरू केला. पलीकडे कुंदाताईंचा आवाज, आधी माझी चौकशी, मग काका आहेत कळल्यावर नुसता उत्साह. नाशिकची थंडी, भावाची नातवंडं, गुडघ्याचं दुखणं. "बस्त्यावभाऊ, तुम्ही आता वसईला, मी नाशिकला. एकदा येऊन जा. सख्ख्या भावाने केलं नसतं तेवढं केलंत माझ्यासाठी."

"बाई," काका म्हणाले, "एक सांगायचं होतं."

"सांगा ना."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.  शेजारून कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली.

"हॉलची फरशी," काका म्हणाले, "दाराकडे थोडी वाकडी लागली माझ्याकडून."

पलीकडे कुंदाताई खळखळून हसल्या. "अहो, एवढंच ना? मला पहिल्या दिवशी दिसलं होतं. म्हटलं, कशाला बोला, माणूस मनापासून करतोय."

काका हं म्हणाले. मग पुन्हा हं म्हणाले. मी फोन बंद केला. ते बॅगेचा पट्टा खांद्यावर नीट करत राहिले, खूप वेळ, आणि मग म्हणाले, "माझ्या जागी तू असतीस तर सांगितलं असतंस?"

"हो," मी म्हणाले. मला विचारही करावा लागला नाही.

त्यांनी मान डोलावली आणि आत गेले. काचेपलीकडच्या रांगेत ते बराच वेळ दिसत होते, उंच, किंचित वाकलेले, हातात पासपोर्ट. एकदाही मागे वळले नाहीत.

वर्षाच्या आत वसईला ते वारले. झोपेत गेले, असं त्यांच्या बायकोने कळवलं. कुंदाताईंना ती बातमी मीच दिली. त्या फोनवर खूप रडल्या. म्हणाल्या, "वैशाली, माझी एवढीशी चूक, आणि त्या माणसाने त्यासाठी आपले गुडघे झिजवले गं. त्यांचं काय अडलं होतं?"

मी खिडकीजवळ उभी होते. दार लावलेलं होतं, ऑफिसात कुणी नव्हतं, आणि सांगायला जे काही लागतं ते सगळं माझ्यापाशी होतं.

"हो ना, ताई," मी म्हणाले.